चागोस : पाहुण्यांना नांगर, भूमिपुत्रांना बंदी

शिडाच्या नौकेने हिंदी महासागर ओलांडणाऱ्यांच्या नकाशावर विषुववृत्ताच्या दक्षिणेस एक जागा हमखास खुणावलेली असते. मालदीवच्या शेवटच्या बेटापासून सुमारे पाचशे किलोमीटर दक्षिणेला असलेल्या या जागेत दुकान नाही, धक्का नाही, डॉक्टर नाही आणि माणसांची वस्तीही नाही. कंकणाकृती प्रवाळभिंतीच्या आत निवांत निळे पाणी, काठावर नारळीची दाट राई आणि त्या राईत हरवलेले छप्पर नसलेले एक चर्च, एवढेच तिथे आढळते. ही जागा म्हणजे चागोस द्वीपसमूहातील सालोमन हे कंकणद्वीप. अशा नौकांतून जगप्रदक्षिणा करणारे लोक तिचे वर्णन ‘निर्जन स्वर्ग’ असे करीत आले आहेत. मात्र ही बेटे निर्जन का झाली, याचे उत्तर त्या वर्णनात क्वचितच सापडते.

चागोस हे नाव भारतीय वाचकांना परिचित आहे ते दिएगो गार्सिया या तेथील सर्वांत मोठ्या बेटामुळे. कन्याकुमारीपासून सुमारे १,८०० किलोमीटरवर असलेल्या या बेटावर अमेरिका आणि ब्रिटनचा संयुक्त लष्करी तळ आहे. सत्तरच्या दशकात हिंदी महासागर ‘शांतताक्षेत्र’ राहावा, या मागणीच्या संदर्भात हे नाव वर्तमानपत्रांतून वारंवार छापून येत असे. पण चागोस म्हणजे केवळ दिएगो गार्सिया नव्हे. साठच्या आसपास लहान बेटे आणि त्यांची सात कंकणद्वीपे मिळून हा समूह बनतो. सर्व बेटांची जमीन एकत्र केली तरी ती साठ चौरस किलोमीटरच्या आतबाहेरच भरते. पाण्याखालचा विस्तार मात्र प्रचंड आहे. समूहाच्या मध्यभागी असलेली ‘ग्रेट चागोस बँक’ ही बुडालेली प्रवाळरचना सुमारे १२,००० चौरस किलोमीटरची असून जगातील सर्वांत मोठी कंकणद्वीप-रचना म्हणून ती ओळखली जाते.

शिडाच्या नौकांना या जागेचे महत्त्व का वाटते, हे समजून घेण्यासाठी वाऱ्यांचे गणित पाहावे लागते. आग्नेय आशियातून आफ्रिकेकडे निघालेली नौका साधारणपणे डिसेंबर ते मार्च या काळात, ईशान्य मोसमी वाऱ्यांच्या आधाराने श्रीलंका आणि मालदीवपर्यंत येते. पुढे विषुववृत्ताचा पट्टा लागतो. तिथे वारा कधी पडतो, कधी काळ्या ढगांबरोबर अर्धा तास झोडपून जातो. त्या पट्ट्याच्या दक्षिणेला व्यापारी वाऱ्यांचे राज्य असते. मे महिन्यापासून ऑक्टोबरपर्यंत हे आग्नेय वारे इतके स्थिर वाहतात की, शिडांची मांडणी कित्येक दिवस बदलावी लागत नाही. तथापि त्या दक्षिणेकडील समुद्रात, साधारण दहा ते वीस अंश अक्षांशांदरम्यान, नोव्हेंबर ते एप्रिल हा चक्रीवादळांचा मोसम असतो. म्हणजे उत्तरेकडून येणारा वारा संपत आलेला आहे आणि दक्षिणेकडचा समुद्र अजून सुरक्षित झालेला नाही, असा एक अवघड संधिकाल नौकेच्या वाट्याला येतो. हा काळ काढण्यासाठी आडोसा हवा. सालोमन सुमारे सव्वापाच अंश दक्षिण अक्षांशावर, म्हणजे चक्रीवादळांच्या नेहमीच्या वाटेबाहेर आहे.

मालदीवच्या अड्डू कंकणद्वीपातील गान बंदरातून निघालेल्या नौकेला इथे येण्यासाठी सुमारे २८० सागरी मैल कापावे लागतात. ताशी पाच सागरी मैलांच्या चालीने हे अडीच दिवसांचे अंतर आहे. इथून पुढचा प्रवास मात्र खरा महासागराचा. सेशेल्स आणि मॉरिशसचे रॉड्रिग्ज बेट प्रत्येकी सुमारे एक हजार सागरी मैलांवर, तर मादागास्करचे उत्तर टोक चौदाशे मैलांच्या आसपास. नौकेची डागडुजी, शिडांची शिवण, दोरखंडांची तपासणी ही कामे उघड्या समुद्रात धड होत नाहीत; ती शांत पाण्यातच करावी लागतात. सोमाली चाच्यांचा उपद्रव वाढल्यानंतर, विशेषतः २०११ मध्ये अरबी समुद्रात एका शिडाच्या नौकेवरील चार अमेरिकी प्रवासी मारले गेल्यानंतर, तांबड्या समुद्राची वाट टाळून दक्षिणेकडून जाण्याकडे अनेकांचा कल झाला. त्यामुळे वाटेतल्या या थांब्याची किंमत आणखी वाढली.

सालोमनच्या लगूनमध्ये शिरणे हे मात्र शांत डोक्याचे काम आहे. अकरा लहान बेटांनी वेढलेल्या या पाण्यात जाण्याची वाट उत्तरेकडून आहे, आणि आत जागोजागी प्रवाळाचे सुळके पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत वाढलेले आहेत. दुर्गम भागांतील सागरी नकाशे जुन्या सर्वेक्षणांवर आधारलेले असल्याने उपग्रहाने दाखवलेले स्थान आणि नकाशावरील खडक यांत फरक पडू शकतो. अशा ठिकाणी यंत्रापेक्षा डोळ्यांवरच भिस्त ठेवावी लागते. सूर्य डोक्यावर किंवा पाठीमागे असताना, एका माणसाला नाळेवर अथवा डोलकाठीवर उभे करून नौका हळूहळू आत न्यायची, ही जुनी रीत आजही पाळली जाते. गडद निळे पाणी खोल, फिकट हिरवे म्हणजे तळाशी वाळू आणि तपकिरी दिसले की प्रवाळ. ढग आला, की हे सारे रंग पुसले जातात आणि नौकेला जागीच थांबावे लागते.

नांगर टाकणे हे त्याहून नाजूक. वाळू समजून टाकलेला नांगर प्रवाळात रुतला, तर वाऱ्याची दिशा बदलताच त्याची साखळी सुळक्यांभोवती गुंडाळली जाते. जोराच्या वाऱ्यात अशी आखडलेली साखळी तुटू शकते. ती तुटली नाही, तरी मागेपुढे घासत राहून शेकडो वर्षांत वाढलेले प्रवाळ ती तासाभरात मोडून टाकते. या कारणाने पर्यावरणरक्षणाचे नियम आणि नाविकाची स्वतःची सुरक्षितता या दोन गोष्टी इथे एकच सांगतात : नांगर वाळूतच टाका. नियम न पाळणाऱ्यांच्या, तसेच केवळ दुर्दैवी ठरलेल्यांच्या नौका या खडकांवर फुटल्याचीही उदाहरणे आहेत.

इथे येण्यासाठी ‘ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेश’ या नावाने चालणाऱ्या प्रशासनाचा परवाना आधी घ्यावा लागतो. पर्यटनासाठी तो मिळत नाही. महासागर ओलांडताना सुरक्षित आडोसा हवा असलेल्या नौकांसाठीच तो आहे, असे प्रशासनाचे म्हणणे असते. जास्तीत जास्त २८ दिवस, ठरवून दिलेल्या जागी मुक्काम; रात्री बेटावर राहण्यास मनाई; नौका फुटल्यास ती हलवण्याचा आणि आजारी माणसाला बाहेर काढण्याचा खर्च भागवणारा विमा; शंखशिंपले किंवा प्रवाळ नेण्यास बंदी; नारळ फोडणाऱ्या महाकाय खेकड्याला हात लावण्यास बंदी. दिएगो गार्सियाच्या जवळपास फिरकण्याचीही परवानगी नाही. सालोमनपासून ते दोनशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. हे नियम रास्त आहेत, यात शंका नाही. पूर्वी ते बरेच सैल होते. तेव्हा महिनोन्‌महिने मुक्काम ठोकणाऱ्या नौकांचा एक छोटा समाजच बॉडम बेटाच्या काठी जमत असे. ओसाड इमारतींच्या आसऱ्याने त्यांनी गप्पांचा अड्डा उभारला होता, व्हॉलीबॉलचे मैदान आखले होते, आणि कपडे धुण्यासाठी ते एका जुन्या विहिरीचे पाणी वापरत.

ही विहीर ज्यांच्या पूर्वजांची, ते लोक त्या वेळी मॉरिशसची राजधानी पोर्ट लुईच्या कडेच्या झोपड्यांत राहत होते.

चागोसवर वस्ती झाली ती अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. फ्रेंच मळेवाल्यांनी आफ्रिका आणि मादागास्करमधून आणलेल्या गुलामांकडून नारळाच्या बागा लावून घेतल्या. १८१४ मध्ये मॉरिशसबरोबर ही बेटेही ब्रिटनकडे गेली. गुलामगिरी संपल्यानंतर करारबद्ध मजूर म्हणून भारतातूनही काही लोक इथे पोहोचले. त्यांच्या मिसळणीतून, क्रिओल बोलणारा, खोबरे वाळवून तेल काढणारा एक समाज पाच-सहा पिढ्यांत घडला. ‘तेलाची बेटे’ हे चागोसचे जुने टोपणनाव. मॉरिशसमधले दिवे एके काळी इथल्या तेलावर जळत. बॉडमवर आज दिसणारे चर्च, दफनभूमी, मळ्याच्या व्यवस्थापकाच्या घराच्या भिंती हे सगळे त्याच समाजाचे अवशेष आहेत.

नोव्हेंबर १९६५ मध्ये, मॉरिशसला स्वातंत्र्य देण्याच्या दोन वर्षांहून थोडा अधिक काळ आधी, ब्रिटनने ही बेटे त्यापासून तोडून वेगळा प्रदेश जाहीर केला. मॉरिशसच्या वसाहती सरकारला त्यासाठी तीस लाख पौंड देण्यात आले. पुढच्याच वर्षी दिएगो गार्सिया लष्करी उपयोगासाठी अमेरिकेला देण्याचा समझोता झाला. लोकसंख्या नसलेली बेटे हवी होती, म्हणून लोकसंख्या नाहीशी करण्यात आली. १९६७ मध्ये मळे सरकारने विकत घेतले. औषधोपचारासाठी किंवा नातलगांना भेटण्यासाठी मॉरिशसला गेलेल्यांना परतीचे जहाज नाकारले जाऊ लागले. बेटांवर धान्य आणि औषधांचा पुरवठा आटत गेला. १९७१ मध्ये दिएगो गार्सिया रिकामे झाले. तेथील पाळीव कुत्री कोंडून, वायूने मारण्यात आली. सालोमन १९७२ मध्ये आणि पेरोस बान्योस १९७३ मध्ये ओस पडले. तळ दिएगो गार्सियावर उभा राहायचा होता. तरीही शेकडो किलोमीटर दूरच्या या दोन कंकणद्वीपांवरील माणसांनाही जावे लागले, ही बाब या इतिहासात सर्वाधिक खटकते. एकूण सुमारे दीड ते दोन हजार लोक मॉरिशस आणि सेशेल्समध्ये उतरवले गेले.

ऑलिव्हिए बॅनकूल यांचे कुटुंब १९६८ मध्ये, जखमी झालेल्या लहान बहिणीच्या उपचारासाठी पेरोस बान्योसहून मॉरिशसला आले. मुलगी वाचली नाही. परतीची चौकशी केली असता, बेट विकले गेले असून आता तिथे जाता येणार नाही, असे आईला सांगण्यात आले. बॅनकूल तेव्हा चार वर्षांचे होते. पुढे विजेची कामे करणाऱ्या या माणसाने ब्रिटिश सरकारला लंडनच्या न्यायालयात खेचले आणि नोव्हेंबर २००० मध्ये हद्दपारीचा आदेश बेकायदा ठरवून घेतला. निकालाने दिएगो गार्सिया वगळता अन्य बेटांवर परतण्याचा हक्क मिळाला. पण जहाज, धक्का, घर यांपैकी काहीच नसल्याने तो कागदावरच राहिला. २००४ मध्ये सरकारने राजाज्ञेच्या मार्गाने, संसदेत चर्चा न करता, तो हक्कही काढून घेतला. २००८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तीन विरुद्ध दोन मतांनी सरकारची बाजू उचलून धरली.

या सर्व वर्षांत नौकांचे परवाने दिले जातच होते. कोणत्याही देशाचा नागरिक, विमा आणि शुल्क भरून, बॉडमच्या काठाशी नांगर टाकू शकत होता. त्याच बेटावर जन्मलेल्या व्यक्तीला आईबापांच्या थडग्यापर्यंत पोहोचण्यासाठी सरकारने आयोजित केलेल्या भेटीची वाट पाहावी लागत होती. अशी पहिली मोठी भेट एप्रिल २००६ मध्ये झाली. सुमारे शंभर चागोसवासी जहाजाने काही दिवसांसाठी आले, दफनभूमीतील झाडोरा त्यांनी साफ केला, प्रार्थना केली आणि ते परत गेले. शिडाच्या नौकांनी आलेल्यांनीही ही थडगी वेळोवेळी साफ केली आहेत, हे नमूद करायला हवे. या व्यवस्थेचा दोष नांगर टाकणाऱ्यांकडे जात नाही.

पर्यावरणाचा मुद्दा इथे गुंतागुंतीचा होतो. २०१० मध्ये ब्रिटनने चागोसभोवतीचे सुमारे ६,४०,००० चौरस किलोमीटर पाणी सागरी संरक्षित क्षेत्र घोषित करून व्यावसायिक मासेमारी बंद केली. वैज्ञानिकदृष्ट्या या पाण्याचे मोल निर्विवाद आहे. १९९८ आणि २०१५-१६ मधील सागरी उष्णतेने इथले प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडून मेले. तरी माणसाचा अन्य ताण कमी असल्याने ते कसे सावरते, याचा अभ्यास इथे करता येतो. २०१८ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले की, जहाजांबरोबर आलेले उंदीर ज्या बेटांवर नाहीत, तिथे समुद्रपक्षी मुबलक आहेत; पक्ष्यांच्या विष्ठेतील पोषक द्रव्ये समुद्रात झिरपतात आणि सभोवतालच्या प्रवाळात माशांचे एकूण वजन उंदीरग्रस्त बेटांच्या तुलनेत सुमारे निम्म्याने अधिक भरते.

परंतु त्याच २०१० या वर्षी विकिलिक्सने उघड केलेल्या अमेरिकी तारेतून असे दिसले की, संरक्षित क्षेत्रामुळे मूळ रहिवाशांना परतणे कठीण होईल, असे ब्रिटिश अधिकाऱ्यांनी अमेरिकी मुत्सद्द्यांना आधीच सांगितले होते. मॉरिशसचे हक्क विचारात न घेता केलेली ती घोषणा आंतरराष्ट्रीय सागरी कायद्याचा भंग करणारी आहे, असा निर्णय लवादाने मार्च २०१५ मध्ये दिला.

अंदमानच्या नॉर्थ सेंटिनेल बेटाशी तुलना केली, तर फरक स्पष्ट होतो. त्या बेटाभोवती पाच सागरी मैलांपर्यंत कोणत्याही नौकेला जाता येत नाही. बाहेरच्यांना रोखून बेटावरच्यांना त्यांच्या जागी सुरक्षित ठेवणे, हा त्या बंदीचा हेतू. चागोसमध्ये बंदीचे तोंड उलट दिशेला होते.

याच पाण्याने अलीकडे आणखी एका प्रकारची नौका पाहिली. ऑक्टोबर २०२१ मध्ये समुद्रात अडचणीत सापडलेल्या, प्रामुख्याने श्रीलंकन तमिळ आश्रयार्थींना दिएगो गार्सियावर नेण्यात आले. त्यांच्यापैकी अनेकांना तिथे, तंबूंच्या छावणीत, तीन वर्षांहून अधिक काळ राहावे लागले. डिसेंबर २०२४ मध्ये बहुतेकांना ब्रिटनला हलवण्यात आले, आणि त्यांना तसे डांबून ठेवणे बेकायदा होते, असा निकाल त्याच महिन्यात त्या प्रदेशाच्या न्यायालयाने दिला.

सार्वभौमत्वाच्या प्रश्नाला कलाटणी मिळाली ती २०१९ मध्ये. हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २५ फेब्रुवारी रोजी मत दिले की, मॉरिशसचे निर्वसाहतीकरण कायदेशीररीत्या पूर्ण झालेले नाही आणि ब्रिटनने चागोसवरील प्रशासन शक्य तितक्या लवकर संपवावे. मे महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ११६ विरुद्ध ६ मतांनी त्याला पाठिंबा दिला. भारताने मॉरिशसच्या बाजूने मत दिले. ही भूमिका नवी दिल्लीने दीर्घकाळ सातत्याने मांडलेली आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये मॉरिशसने भाड्याने घेतलेल्या एका जहाजातून चागोसवासीयांचा गट ब्रिटनची परवानगी न मागता पेरोस बान्योसला गेला आणि तिथे मॉरिशसचा ध्वज उभारला गेला. बॅनकूल त्या जहाजावर होते.

२२ मे २०२५ रोजी ब्रिटन आणि मॉरिशस यांनी करारावर स्वाक्षऱ्या केल्या. त्यानुसार द्वीपसमूहावरील सार्वभौमत्व मॉरिशसचे राहील, तर दिएगो गार्सियाचा वापर ९९ वर्षांसाठी ब्रिटनकडे असेल आणि त्यापोटी ब्रिटन वर्षाला सरासरी १० कोटी १० लाख पौंड देईल. चागोसवासीयांसाठी चार कोटी पौंडांच्या विश्वस्त निधीची तरतूद आहे. दिएगो गार्सिया वगळून अन्य बेटांवर पुनर्वसन करण्याची मुभा मॉरिशसला मिळते. भारताने कराराचे स्वागत केले. सर्व चागोसवासी मात्र त्यावर समाधानी नाहीत. २००२ च्या कायद्याने ब्रिटिश नागरिकत्व मिळाल्यानंतर अनेक जण लंडनजवळच्या क्रॉली शहरात स्थायिक झाले. आपल्या भूमीचा निर्णय पुन्हा एकदा आपल्याला न विचारता दोन सरकारांनी घेतला, ही त्यांच्यातील अनेकांची तक्रार आहे, आणि इतिहास पाहता ती सहज बाजूला सारता येण्याजोगी नाही. मॉरिशसमधील आपल्या वनवासात त्यांना फारशी आपुलकी मिळाली नाही, हेही त्यामागचे एक कारण. १९८२ मध्ये मिळालेली चाळीस लाख पौंडांची भरपाई वाटून घेतल्यावर हाती उरलेल्या रकमेने अनेकांचे कर्जही फिटले नव्हते.

हा करार प्रत्यक्षात लागू झाल्यास सालोमनमध्ये नांगर टाकण्याचे परवाने कोणी द्यायचे, हे ठरवणे मॉरिशसच्या हाती येईल. नौकांच्या शुल्कातून आणि मर्यादित पर्यटनातून परतलेल्या कुटुंबांना काही उत्पन्न मिळू शकेल, असे म्हटले जाते. ते अशक्य नाही; मात्र त्याआधी सोडवायचे प्रश्न अधिक साधे आणि अधिक कठीण आहेत. द्वीपसमूहातील एकमेव धावपट्टी दिएगो गार्सियाच्या लष्करी तळावर आहे. मॉरिशस तिथून दोन हजार किलोमीटरहून दूर. म्हणजे तांदूळ, औषधे, सिमेंट आणि आजारी माणसे यांची ने-आण जहाजानेच करावी लागेल. समुद्रसपाटीपासून जेमतेम दोन-तीन मीटर उंच असलेल्या जमिनीवर गोड्या पाण्याचा साठा पावसावर आणि वाळूखालच्या पातळ थरावर अवलंबून असतो. धक्का बांधायचा तर प्रवाळ फोडावा लागेल, न बांधावा तर भरतीची वेळ साधून होडीतून माल उतरवावा लागेल, जसा तो १९७२ पर्यंत उतरवला जात असे. बेटावर जन्मलेल्यांपैकी जे आज हयात आहेत, त्यांतील सर्वांत लहान व्यक्तींनीही पन्नाशी ओलांडलेली आहे.